येणे बाकी

स्प्रिंगडेलला रात्रपाळी सुटते सहाला.
कोंबड्यांच्या कारखान्यातून बायका बाहेर येतात
बोटं चोळत, केसांना क्लोरीनचा वास.
फाटकासमोर मी टेबल मांडून उभी:
साखर तपासायची सुई, कापूस,
आणि चौदा पानांचं संमतिपत्र,
मीच आमच्या मार्शली भाषेत आणलेलं,
इतकं अचूक, की मलाच ते कळेना.

पहिल्या आठवड्यात चौघी थांबल्या.
तिघींना बस किती वाजता ते विचारायचं होतं.

विद्यापीठातल्या डॉक्टर होल्कम, भली बाई,
म्हणाल्या, "तुमचे लोक पुढे का येत नाहीत, अर्मिना?"
आलेख दाखवला. त्यात आम्ही
एक पोकळ चौकोन. खाली बारीक अक्षरांत: माहिती अपुरी.
विचारून सांगते, म्हटलं.
कुणाला विचारायचं ते ठाऊक होतं,
म्हणूनच तर जात नव्हते.

नेइमॉन चर्चच्या मागच्या खोलीत
केवड्याच्या पातीची चटई विणत होती.
पाती आता बेटावरून खोक्यात येते, टपालानं.
मी पानं पुढे केली. तिनं हात लावला नाही.

"राख पडली तेव्हा मी सहा वर्षांची.
मग दर साल जहाज यायचं.
गळा चाचपायचे, रक्त न्यायचे,
छातीशी पाटी धरायला लावून फोटो.
माझा आकडा सदतीस.
आईनं विचारलं, काय निघालं हो त्यात?
तिला बिस्किटांचा डबा दिला."

विणता विणता म्हणाली,
"ते रक्त आता कुठंय गं?"

ते लोक वेगळे, हे वेगळे, मी म्हटलं.
"असतील. पण ताकाला आलात
तर भांडं कशाला लपवता?"

पुढल्या वेळी कागद नेले नाहीत.
विणायला बसले. माझी ओळ तिनं उसवली,
दुसऱ्यांदाही उसवली.
चौथ्या खेपेला होल्कमबाईंना नेलं,
पेन गाडीतच ठेवा म्हणून बजावून.
दोन तास जमिनीवर, पायाला मुंग्या,
तरी त्यांनी पाती हातात घेतली,
आणि कडेनं बोट चिरलं.

म्हणजे त्या अभ्यासात
पहिलं रक्त सांडलं ते डॉक्टरांचं.
नेइमॉन पोट धरून हसली.
कापूस माझ्याच पिशवीतला.

मग बायका बोलायला लागल्या.
साखर आहेच, पाय गेलेत दोघींचे.
पण रात्री बोटं मरतात त्याचं काय?
पहाटे तीनला दहा मिनिटांत
थंड भात उभ्यानं गिळायचा,
आणि तुम्ही विचारता, आहार कसा आहे?

"हे प्रश्नावलीत नाही," होल्कमबाई म्हणाल्या.
"मग घाला की," लिबोन म्हणाली, जांभई देत.

घालायला नऊ महिने लागले.
पैसे देणाऱ्यांनी बोटं ठेवली, कारखाना गाळला.
आम्ही भांडलो, एक ओळ परत आली.
माझा भाऊ अजून येत नाही.
तू त्यांची सुई झालीस, म्हणतो,
आणि मला दर वेळी उत्तर सुचत नाही.

नेइमॉन आली, रविवारचा फुलाफुलांचा झगा घालून.
बाही वर केली. "नळीवर आकडा घालणार?"
हो.
"घाल. मग माझ्याही वहीत लिही.
फ्रीजर कुठला, किल्ली कुणाकडे,
काय निघालं ते सांगायला कोण येणार, कधी."

वही चर्चच्या गायनमंडळाची, वर्गणीची.
कुणाचे दोन डॉलर, कुणाचे पाच.
मी शेवटच्या ओळीत आकडा लिहिला.
तिनं नळीशी ताडून पाहिला, चष्मा काढून, पुन्हा लावून.

"तिथं नको," म्हणाली,
आणि बोट सरकवत नेलं
पलीकडच्या रकान्यात:
येणे बाकी.